आधी सांगाडा, मग साज

किल्लारीच्या आमच्या शेतात, गोठ्याच्या पत्र्याखाली काकांची जीप बरीच वर्षं उभी होती. महिंद्राची, पेट्रोलवर चालणारी, उंच बॉनेटची. १९९३ च्या सप्टेंबरमधल्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर हीच जीप जखमींना घेऊन दवाखान्याच्या वाटेवर धावली होती. म्हणून ती भंगारात द्यायला घरात कुणीच तयार नव्हतं. एका दिवाळीत आम्ही ती रंगवून घेतली. हिरवागार रंग, नवी ताडपत्री, नव्या सीट. गावभर कौतुक झालं. पुढच्या पावसाळ्यात औशाच्या रस्त्यावर एका खड्ड्यात मागचा पाटा (स्प्रिंग) चेसिसमधून सुटला आणि जीप एका बाजूला बसली. वेग कमी होता म्हणून कुणाला लागलं नाही. खाली वाकून पेचकस टोचला, तर तो चेसिसमध्ये मुठीपर्यंत आत गेला. आतून भुगा गळला, लाल-तपकिरी, ओल्या तंबाखूसारखा.

पैसा रंगाला गेला होता आणि सांगाडा कुजलेलाच राहिला होता. तोच पैसा उलट क्रमानं खर्च केला असता तर जीप दुसऱ्यांदा उघडावी लागली नसती. मराठवाड्यात अशा जीप अजून कितीतरी गोठ्यांत आणि वाड्यांच्या पडवीत उभ्या आहेत. ज्यांना त्या पुन्हा रस्त्यावर आणायच्या आहेत त्यांच्यासाठी, विशेषतः चेसिस बदलण्याची वेळ आलेल्यांसाठी, हा लेख आहे.

तुमच्या गाडीला वेगळी चेसिस आहे का?

चेसिस सगळ्याच गाड्यांची बदलता येत नाही. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसिडरला वेगळी चेसिस नसते. तिथे तळ, खांब, छप्पर हे सगळं एकत्र वेल्ड केलेलं असतं आणि ती पेटीच गाडीचं वजन पेलते. अशा गाडीचा तळ कुजला तर पत्रा कापून नवा पत्रा जोडावा लागतो. ते काम वेगळं आहे आणि अधिक नाजूक आहे.

जीप, जुने ट्रक आणि फार जुन्या मोटारी यांची रचना निराळी. खाली शिडीसारखा सांगाडा असतो. त्यात दोन लांब बीम आणि त्यांना आडवे जोडणारे क्रॉस मेंबर असतात. इंजिन, पाटे, हौजिंग (ॲक्सल), स्टिअरिंग हे सगळं या शिडीला लागतं आणि बॉडी वरून बोल्टनं बसते. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस ठेवलेली आहे. तिची चेसिस रोल्स-रॉइसनं केली आणि बॉडी बार्कर या दुसऱ्याच कंपनीनं बांधली. तेव्हाची पद्धतच तशी होती. पुढे मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डलाही वेगळी चेसिस होती. चेसिस बदलायचा विचार अशाच गाड्यांच्या बाबतीत करता येतो.

पाना हातात घेण्याआधी कागद

चेसिस हा लोखंडाचा तुकडा असला तरी कायद्याच्या दृष्टीनं गाडीची ओळख त्यावर ठोकलेल्या नंबरात असते. त्यामुळे पहिली खेप गॅरेजची नको, आरटीओची करा. लातूर जिल्ह्यासाठी लातूरचं, नांदेडसाठी नांदेडचं कार्यालय. जाताना आरसी बुक, विम्याचे जुने कागद, चेसिस नंबराचा जवळून घेतलेला स्वच्छ फोटो आणि गंजलेल्या भागांचे फोटो सोबत ठेवा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला स्वतःहून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हीच बाब ठामपणे सांगितली. म्हणून चेसिस बदलायची असेल तर अर्ज आधी द्या, उत्तर लेखी घ्या आणि मोटार वाहन निरीक्षकाला गाडी दाखवल्याशिवाय जुन्या चेसिसला गॅस कटर लावू नका.

इथे तीन गोष्टी कधीच करू नका. जुन्या चेसिसवरचा नंबराचा तुकडा कापून नव्या चेसिसवर वेल्ड करू नका. कुणी आपुलकीनं करून देतो म्हणाला तरी नाही, कारण चोरीच्या गाड्या लपवायची हीच रीत आहे आणि उद्या तपासणीत तुमची प्रामाणिक जीपही त्याच रांगेत उभी राहील. नंबर गंजून पुसट झाला असेल तर तो स्वतः पंच करून ठळक करू नका. ते काम आरटीओच्या लेखी परवानगीनंच होतं. आणि जुनी चेसिस लगेच भंगारात देऊ नका. परवानगी, तपासणी आणि आरसीवरची नोंद पूर्ण होईपर्यंत ती पुरावा म्हणून जपून ठेवा.

'विंटेज' नोंदणी हवी असेल तर

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. तिला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षं आणि नंतरच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये.

मात्र याच नियमात एक अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल करून तिची मोठी फेररचना झालेली नसावी. म्हणजे दुष्काळाच्या १९७२ सालची जीप वयानं बसली तरी तिची चेसिस बदलल्यावर 'विंटेज' म्हणून ती स्वीकारली जाईलच असं गृहीत धरू नका. हा निर्णय परिवहन विभागाचा असतो आणि तो खर्चाआधी विचारून घ्यायचा असतो. विंटेज नोंदणी हेच तुमचं ध्येय असेल तर मूळ चेसिस वाचवण्याचा प्रयत्न शेवटपर्यंत करा.

दुसरं असं, की विंटेज नंबराची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. जीप शेतावर न्यायची असेल, बाजारहाट करायचा असेल, तर नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण हाच तुमचा रस्ता आहे.

गंज कुठे लपतो

आपल्याकडे समुद्र नाही, हवा कोरडी, मग गंज येतो कुठून? तो काळ्या मातीतून येतो. ही माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात चेसिसच्या खोबणीत चिखल बसतो, वरून वाळतो आणि आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. त्यात जीपमधून युरिया-पोटॅशच्या गोण्या वाहिलेल्या असतात. खताचे सांडलेले क्षार ओल ओढतात आणि गंजाचा वेग वाढवतात. आणि गाडी गोठ्यात उभी असेल तर गोमूत्राची वाफ अहोरात्र खालून लागत राहते. आमच्या जीपचं तेच झालं होतं.

पाहणीची पद्धत सोपी आहे. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) नीट उभी करा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. चेसिस प्रेशरनं धुऊन दोन दिवस वाळू द्या. मग लहान हातोडीनं टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं. कुजलेलं 'भद्द' असा बसका आवाज देतं. तिथे खडूनं गोल करा आणि पेचकस टोचा.

पाच जागा हमखास तपासा: मागचा शेवटचा क्रॉस मेंबर, पाट्यांचे हँगर जिथे जोडले आहेत तो भाग, बॉडीच्या रबरांखालच्या जागा, बॅटरीखालचा भाग आणि जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेट केल्या आहेत ती प्रत्येक जागा. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो दोन पट्ट्यांच्या मधे फुगतो आणि त्या एकमेकींपासून उचलतो. पट्टी फुगलेली दिसली की आत काय आहे ते समजून घ्या.

दुरुस्ती पुरेल की चेसिस बदलावी?

भोकं एक-दोन जागी असतील आणि लांब बीम सरळ असतील तर दुरुस्ती करा. मूळ नंबर, मूळ लोखंड आणि पैसा तिन्ही वाचतात. कुजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापा, तेवढ्याच जाडीची पट्टी घ्या आणि अनुभवी वेल्डरकडून जोडून घ्या. गंजावर नवी पट्टी चढवणं म्हणजे ओल्या भिंतीवर चुना मारणं.

वेल्डिंग करून घेताना काही गोष्टींवर नजर ठेवा. जोडपट्टीची टोकं तिरकी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराची असावीत. बीमच्या वरच्या-खालच्या पाखांवर सरळ आडवा वेल्ड घातला तर नेमकी तिथेच पुढे भेग जाते. भोकं पाडायची वेळ आली तर ती बीमच्या उभ्या भिंतीत पाडा, पाखांत नाही. वेल्डिंग एका दमात लांबलचक ओढू देऊ नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, मधे थंड होऊ देत. नाहीतर उष्णतेनं चेसिस पिळली जाते. त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडवायच्या आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवायची. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती पेट्रोलपेक्षा घातक असते. टाकीचं काम गॅरेजच्या कोपऱ्यात कुणालाही सांगू नका.

हँगरच्या जागा दोन्ही बाजूंनी गेल्या असतील, बीम वाकला असेल किंवा पिळला असेल, किंवा जुन्या ठिगळांवर ठिगळं दिसत असतील, तर मात्र चेसिस बदला.

बदली चेसिस घेताना

एक मार्ग जुन्या गाडीच्या चेसिसचा. ती त्याच मॉडेलची आणि त्याच लांबीचीच हवी. सीजे-३बी जातीच्या आखूड जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर असतं. नंतरच्या लांब जीपची चेसिस कापून आखूड करून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. ज्या गाडीची ती चेसिस आहे तिची नोंदणी रीतसर रद्द झाल्याचा कागद, विकणाऱ्याची सही असलेली पावती आणि चेसिसवरचा नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. कागदाशिवाय मिळणारी स्वस्त चेसिस सगळ्यांत महाग पडते.

दुसरा मार्ग नव्यानं बांधलेल्या चेसिसचा. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांत जुन्या जीप नव्यानं बांधायचा धंदा प्रसिद्ध आहे आणि चेसिसही बनवून मिळते. तिथून काही मागवायचं ठरवलंत तर पक्कं बिल, लोखंडाची जाडी आणि सगळी मापं लेखी घ्या. तुमच्या जुन्या चेसिसच्या निरोगी भागाची जाडी व्हर्निअरनं मोजा आणि तिच्याशी ताडून पाहा. पूर्ण तयार जीप 'कागद नंतर करू' म्हणून घेऊ नका.

उतरवण्याचा क्रम

उतरवणं घाईचं काम नाही. प्रत्येक भाग सोडवण्याआधी तीन बाजूंनी फोटो घ्या. बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी: 'पुढचा डावा पाटा, वरचा हँगर'. सहा महिन्यांनी तुमची आठवण कामाला येणार नाही, चिठ्ठी येईल. गंजलेल्या बोल्टांना दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल द्या आणि मधूनमधून हलकेच ठोका.

क्रम असा: बॅटरी, पेट्रोलची टाकी, वायरिंग, ब्रेकचे आणि क्लचचे जोड, स्टिअरिंगचा दांडा, मग बॉडीचे बोल्ट. बॉडी उचलायला आठ धडधाकट माणसं किंवा चेन-कप्पी लागते. बॉडी दारं-खिडक्यांच्या जागी लाकडी आडव्या पट्ट्या देऊन बांधून घ्या, नाहीतर उचलताना कुजलेला पत्रा दुमडतो. त्यानंतर इंजिन-गिअर बॉक्स आणि शेवटी पाट्यांसह दोन्ही हौजिंग.

ओळंबा आणि खडू

भूकंपानंतर आमच्या भागात नवी घरं बांधायला आलेल्या गवंड्यांच्या हातात जी साधनं होती, तीच चेसिस तपासायला लागतात: ओळंबा, गुण्या आणि पाण्यानं भरलेला पारदर्शक लेव्हल पाइप.

सपाट कोब्यावर चेसिस घोड्यांवर ठेवा. लेव्हल पाइपनं चारही कोपरे एका उंचीवर आणा. तीन कोपरे जुळून चौथा खाली-वर होत असेल तर चेसिस पिळलेली आहे. मग बॉडीच्या बोल्टांच्या आणि हँगरांच्या भोकांतून ओळंबा सोडा. टोक स्थिर झालं की जमिनीवर खडूनं खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की चेसिस बाजूला घ्या. आता जमिनीवर तिचा नकाशा उतरलेला असेल.

या नकाशात पुढचा, मधला आणि मागचा असे तीन चौकोन धरा. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की चौकोन तिरका झालेला नाही. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती चेसिस परत करा किंवा फ्रेम सरळ करणाऱ्याकडे न्या. शेवटी मधोमध दोरी ताणून दोन्ही बीम तिच्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा.

ही मोजणी जुन्या आणि नव्या, दोन्ही चेसिसची करा आणि आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. आमच्या जीपच्या वेळी बदली चेसिसमधली बॉडीची दोन भोकं बोटभर सरकलेली निघाली. मिस्त्री म्हणाला, गॅसनं भोकं मोठी करू. आम्ही थांबलो, पुन्हा मोजलं. भोकं बरोबर होती, बीमच वाकलेला होता. भोकं मोठी केली असती तर जीप जन्मभर एका बाजूला ओढत राहिली असती.

गंज काढणं आणि पुन्हा येऊ न देणं

मोठ्या भागांसाठी तारेचा ब्रश, ग्राइंडर किंवा ब्लास्टिंग. ब्लास्टिंगला साधी वाळू वापरत असतील तर तिची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते, म्हणून चांगल्या मास्कशिवाय जवळ उभं राहू नका. लहान ब्रॅकेट आणि क्लिपांसाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, उत्तम. एक लिटर पाण्यात पन्नासेक ग्रॅम, रात्रभर भिजवा, ब्रश मारा, सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. पाटे, कडक पोलादाचे बोल्ट असं काही आम्लात भिजवू नका, ते ठिसूळ होऊ शकतात. ऊसपट्ट्यात लोक कारखान्याच्या मळीत भाग भिजवण्याचा उपायही सांगतात. तो चालतो, पण मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण आहे. परवान्याशिवाय पिंप आणून ठेवू नका.

उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नाही, त्याच दिवशी प्रायमर. नुसत्या रेड ऑक्साइडपेक्षा इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमर जास्त टिकतो. हे काम दिवाळी ते शिवरात्र या दिवसांत करा. पावसाळ्यात ओल बसते आणि मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या लोखंडावर रंग नीट धरत नाही. पोकळ भागांत आतून मेणासारखं गंजरोधक द्रावण फवारा. पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवा, रंगानं किंवा पुट्टीनं बुजवू नका. खालून जळकं ऑइल फासायची जुनी सवय सोडा. त्यानं रबर खराब होतं आणि त्यावर बसलेली धूळ ओल धरते.

जोडणी

जुन्या जीपच्या ब्रेकचं सर्किट एकच असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून चेसिस उघडी असतानाच ब्रेकच्या सगळ्या नळ्या, होज आणि सिलिंडरची रबरं नवी टाका. पाट्यांचे बुश, शॅकल आणि बॉडीची रबरंही आत्ताच, कारण पुन्हा इथे हात पोचणार नाही. रबरी बुश असलेल्या पाट्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा.

बॉडी ठेवताना सगळे बोल्ट आधी हातानं लावा, मग समोरासमोरचे एकेक आवळत जा. बॉडीपासून चेसिसला जाड अर्थिंग वायर द्या. नव्या रंगामुळे जोड बंद पडतो आणि दिवे मिणमिणतात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा. मग विमा कंपनीला कळवा, निरीक्षकाला गाडी दाखवा आणि आरसीवर नोंद करून घ्या. रंग यानंतर.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात आमच्या आणि आसपासच्या गावांनी एक गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकली. जाडजूड दगडी भिंती भक्कम दिसत होत्या, पण दगड मातीत नुसते रचलेले होते, एकमेकांत बांधलेले नव्हते. वर माळवदाच्या मातीचं ओझं होतं. कितीतरी घरांत भिंती ढासळल्या आणि खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला, कारण त्याचे सांधे एकमेकांना धरून होते. नंतरच्या घरांत म्हणूनच आडवे पट्टे आले, भिंतीच्या आरपार जाणारे दगड आले. माझ्या पिढीनं हे ढिगाऱ्याशेजारी उभं राहून पाहिलं आहे.

काकांच्या जीपच्या बाबतीत ही शिकवण आम्ही एकदा विसरलो. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा हिरव्या रंगाकडे पाहिलंही नाही, आधी खडू आणि ओळंबा काढला. आता ती किल्लारीहून लातूरपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर खड्ड्यांतून सरळ जाते, स्टिअरिंग हातात थरथरत नाही. रंग अजून प्रायमरचाच आहे. तो पुढच्या दिवाळीला होईल.